वेग मोजावा नेटका

घरात ब्रॉडबँड आलं की पहिला महिना माणूस सिनेमे बघतो. दुसऱ्या महिन्यापासून तो वेग बघू लागतो. तुम्ही त्याच वाटेला लागला असाल तर निदान रीतसर लागा.

आधी एक भागाकार. प्लॅन 100 एमबीपीएसचा, पण फाइल उतरवताना आकडा 12च्या पुढे सरकत नाही. लगेच फोन उचलू नका. कंपनी विकते मेगाबिट, कॉम्प्युटर दाखवतो मेगाबाइट आणि आठ बिटांचा होतो एक बाइट. शंभराला आठने भागा. तरीही राग उरला असेल तर पुढे वाचा.

आता सॉफ्टवेअर. ऊकलाचं स्पीडटेस्ट, नेटफ्लिक्सचं फास्ट डॉट कॉम आणि ट्रायचं मायस्पीड, तिन्ही वापरा. आकडे तीन येतील. सर्वांत लहान तक्रारीसाठी, सर्वांत मोठा व्याह्यांना सांगण्यासाठी. स्पीडटेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात बसलेला असतो. म्हणजे पेपर तपासायला सख्खा मामा. खरे मार्क हवे असतील तर सर्व्हर सिंगापूरचा निवडा आणि मन घट्ट करा.

आतल्या खोलीत, वायफायवर, मायक्रोवेव्हमध्ये भात गरम होत असताना मोजलेला वेग हा इंटरनेटचा नसतो. जुनं वायफाय आणि मायक्रोवेव्ह दोघेही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात. लॅपटॉपला लॅनची वायर लावा. 200च्या प्लॅनवर आकडा दरवेळी 94-95लाच अडत असेल, तर वायरीतली एखादी तार तुटली आहे किंवा राउटरचं पोर्टच शंभराचं आहे. दोष घरचा आहे. हे कस्टमर केअरला आपणहून सांगायची गरज नाही.

पट्टीचे साधक एवढ्यावर थांबत नाहीत. ते जुन्या लॅपटॉपवर दर पाच मिनिटांनी आपोआप चाचणी लावतात आणि आलेख काढतात. हिशेब बघा. शंभराच्या वेगाने दहा सेकंद डाउनलोड म्हणजे 125 एमबी. दिवसात 288 चाचण्या, म्हणजे 36 जीबी, महिन्याला 1080. अपलोडही तितकंच धरलं तर 2160. बऱ्याच 'अमर्याद' प्लॅनची मर्यादा असते 3300 जीबी. तेव्हा महिन्याचा दोन तृतीयांश डेटा तो किती वेगाने येतो हे पाहण्यातच संपतो. शिवाय चाचणी चालू असताना लाइन तुडुंब भरते, पिंग चढतो आणि बायकोची ऑफिसची मीटिंग अडकते. ती "नेट गेलं!" म्हणून ओरडेल. वेळ टिपून घ्या, आलेखात लाल ठिपका द्या.

आलेख तयार झाला की फोन करा. पलीकडून राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगतील. करा. मग जाहिरातीतलं बारीक अक्षरातलं 'अप टू' वाचून दाखवतील. कायद्याचा आधार शोधू नका: 2023 पासून सरकारी व्याख्येत किमान 2 एमबीपीएस मिळालं की ते ब्रॉडबँडच.

शेवटी लाइनवाला येईल. तुमच्या आलेखाकडे न बघता राउटरला खेटून उभा राहील, स्वतःच्या मोबाइलवर 97 आणून दाखवेल आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागेल. ओटीपी लगेच देऊ नका. आधी लॅनची नवी वायर मागून घ्या. त्याच्या पिशवीत असते.