फुल तिकीट

पन्नाशी ओलांडली की माणसाने भविष्याचं नियोजन करावं, असं जो तो सांगतो. कोणाच्या भविष्याचं, ते मात्र कोणी सांगत नाही. आमच्या घरात तूर्त चार भविष्यं आहेत: अठ्ठ्याहत्तरीतल्या अण्णांचं, चौऱ्याहत्तरीतल्या आईचं, लागलेली नोकरी सोडून पुन्हा शिकायला निघालेल्या मुलीचं आणि पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची धरून बसलेल्या मुलाचं. मी आणि बायको ‘उरलं तर बघू’ या सदरात येतो.

अण्णा पोस्टातून निवृत्त झाले. पेन्शन चालू राहायची तर आपण हयात असल्याचं दर नोव्हेंबरात सरकारला कळवावं लागतं. पूर्वी अंगठा चालायचा. पण शिक्के मारून मारून रेषा झिजल्या की काय, यंत्राला अंगठा पटेना. आता मोबाइलसमोर चेहरा धरायचा. धरला, तर पडद्यावर सूचना आली: डोळे मिचकावा.

“या वयात?” अण्णा म्हणाले.

“मिचकावा हो, मी तिकडे तोंड करते,” आई म्हणाली.

अण्णांनी डोळे घट्ट मिटले, ते उघडेचनात. हयातीच्या दाखल्याला हे दृश्य फारसं पोषक नव्हतं.

विम्याचं शास्त्र याहून गहन. अण्णांची नवी पॉलिसी काढली, तर त्यांचा मधुमेह आणि रक्तदाब तीन वर्षं आमच्या ओळखीचे नाहीत, असं विमावाल्यांचं म्हणणं. मुलगी पंचविशीची झाली की कुटुंबाच्या पॉलिसीतून बाहेर, म्हणजे त्यांच्या लेखी ती स्वतंत्र. तिचं मोबाइलचं रिचार्ज कोण मारतं, हे त्यांना कुठे ठाऊक!

प्राप्तिकराला त्या मानाने थोडी माणुसकी आहे. जुन्या पद्धतीत आपल्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २५ हजारांपर्यंत आणि ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, मुलीच्या शिक्षणासाठी मी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं. नव्या पद्धतीत यातलं काही नाही, पण दर कमी. दर जुलैत मी दोन्हींचा हिशेब मांडतो आणि जिच्यात कमी रडू येईल ती निवडतो.

समाजातलं माझं नेमकं स्थान मला कळलं ते एसटीत. नाशिकहून संगमनेरला लग्नाला निघालो होतो. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२पासून प्रवास मोफत, त्यामुळे अण्णा फुकट. आई ज्येष्ठ म्हणून हाफ. २०२३पासून बायकांना निम्मं तिकीट, म्हणून बायको हाफ, मुलगी हाफ. कंडक्टरने भराभर आधार कार्डं पाहिली आणि माझ्यासमोर येऊन थांबला. मीही उगाच खिशात हात घातला.

“तुमचं काय आहे?”

“काही नाही.”

“मग फुल,” असं म्हणून त्याने सगळ्यांच्या तिकिटांचे पैसे माझ्याकडूनच घेतले.

मुलाचं तिकीटही फुलच असतं, पण तो आला नव्हता. पूर्वपरीक्षा तोंडावर होती. “बाबा, टेन्शन घेऊ नका, खुल्या गटाला एमपीएससीची वयोमर्यादा अडतीस आहे,” असं त्याने मला फोनवर समजावलं. तो आज बावीसचा, मी बावन्नचा. तो अडतीसचा होईल तेव्हा मी अडुसष्टचा. म्हणजे त्याला भेटायला जाताना मला हाफ तिकीट लागेल. दूरदृष्टी म्हणतात ती हीच असावी.

शेवटी एक गुंतवणूक सल्लागार घरी बोलावला. पोरसवदा होता. घराचा सगळा पसारा ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, “काका, स्वतःच्या निवृत्तीचं काय ठरवलंय?”

“खरंच बाबा,” मुलगी म्हणाली, “आता तुमचं वय झालं.”

अण्णांनी पेपर खाली घेतला. “त्याला कसली निवृत्ती? अजून त्याचं सगळं व्हायचंय. आणि तुम्हाला सांगतो, त्याच्या नावाने मी दर महिन्याला पेन्शनमधून पोस्टात पैसे टाकतोय. वेंधळा आहे तो, त्याच्या हातून साठायचं नाही.”

आई मान डोलावत होती. म्हणजे तिला हे माहीत होतं. सल्लागार माझ्याकडे बघायला लागला आणि मी भिंतीकडे.

तात्पर्य, या घरात माझ्या भविष्याचं नियोजन करणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्या हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात मलाच काढावा लागतो.