बाब्याचे घर बदलते

अमेरिकेच्या राजकारणाला दुटप्पीपणाचा रोग जडला आहे, असे तिकडचे स्तंभलेखक फार तळमळीने लिहितात आणि इकडे आपण ते फार समाधानाने वाचतो. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि शहराशहरांत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा रिपब्लिकनांना कायदा-सुव्यवस्था आठवली आणि डेमोक्रॅटांना जनतेचा आक्रोश ऐकू आला. पुढच्या ६ जानेवारीला जमाव संसद भवनात घुसला, तेव्हा कायदा-सुव्यवस्था डेमोक्रॅटांना आठवली आणि आक्रोश बऱ्याच रिपब्लिकनांना ऐकू येऊ लागला. त्या प्रकरणातल्या सुमारे दीड हजार जणांना ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, म्हणजे खुर्चीवर बसल्याच्या दिवशीच, माफ करून टाकले. त्याच वर्षी सप्टेंबरात ट्रम्पसमर्थक कार्यकर्ते चार्ली कर्क यांचा खून झाला आणि ‘बोलण्यावरून कुणाची नोकरी घालवू नका’ असे वर्षानुवर्षे बजावणाऱ्यांपैकीच अनेकजण कोण काय बोलले याच्या याद्या करू लागले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मात्र अमेरिकेकडे एक सोय आहे. तिथे बाब्या कोणाच्या घरचा हे ठरलेले असते. तो बहुधा जन्मभर त्याच घरात राहतो; तत्त्वे तेवढी या घरातून त्या घरात ये-जा करतात. तेलंगणातल्या आदिलाबादला ही चैन परवडत नाही. इथे तत्त्वे बिचारी जागच्या जागी पडून असतात. घर बदलतो तो बाब्या.

२०१९ ची लोकसभा निवडणूक आठवून पाहा. आदिलाबादच्या राखीव मतदारसंघात खरी लढत तिघांत होती. टीआरएसचे गोडम नागेश, काँग्रेसचे रमेश राठोड आणि भाजपचे सोयम बापूराव. प्रचारात एकमेकांच्या पक्षांबद्दल जे बोलायचे असते ते बोलून झाले आणि सोयम निवडून आले. २०२१ मध्ये राठोड भाजपमध्ये गेले. २०२४ च्या मार्चमध्ये नागेशही गेले. म्हणजे पाच वर्षांपूर्वी मतदाराने ज्या तिघांतून एकाला निवडले होते, ते तिघेही पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर एकाच पक्षात होते, आणि त्यांच्यातून एक निवडण्याचे काम दिल्लीच्या कार्यालयाने परस्पर उरकून मतदाराचे कष्ट वाचवले. तिकीट नागेश यांना मिळाले, ते जिंकले, आणि सोयम यथावकाश काँग्रेसमध्ये दाखल झाले. हे नागेश पूर्वी तेलुगू देशमचे आमदार आणि मंत्री होते. सोयम २००४ मध्ये टीआरएसचे आमदार आणि २०१८ मध्ये बोथ विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार होते. आता आदिलाबादचा सिमेंट कारखाना बघा: तो गेल्या शतकाच्या अखेरीपासून बंद आहे. तो उघडण्याची मागणी प्रत्येक पक्षाने केली आहे आणि प्रत्येकाने ती दुसऱ्याकडेच केली आहे. नागेश २०१४ ते २०१९ या काळात केंद्रातल्या सत्तेबाहेरचे खासदार होते, आज सत्तेतले आहेत. कारखान्याने मात्र या काळात निष्ठा बदललेली नाही.

अशा हवामानात ‘पक्षाची भूमिका’ या गोष्टीचा शोध घेणे व्यर्थ आहे. माझे म्हणणे असे की, तेलंगणात आंदोलनाबद्दल बोलतो तो पक्ष नसतो, खुर्ची असते. खुर्चीवरून दिसणारे धरणे वेगळे आणि सतरंजीवरून दिसणारे वेगळे. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा के. चंद्रशेखर राव ऊर्फ केसीआर यांनी स्वतः तयार करून ठेवला आहे. उपोषण, रास्ता रोको आणि संप यांतून जन्मलेल्या राज्याचे ते पहिले मुख्यमंत्री. २०११ च्या ‘सकल जनुला सम्मे’मध्ये, म्हणजे ४२ दिवसांच्या सार्वत्रिक संपात, एसटीसारख्याच इथल्या आरटीसीचे कामगार उतरले होते आणि तेव्हा ते तेलंगणाचे वीर होते. २०१९ च्या ऑक्टोबरात हेच कामगार स्वतःच्या मागण्यांसाठी संपावर गेले, तेव्हा सुमारे ४८ हजार वीरांनी ‘स्वतःच स्वतःला बडतर्फ’ केल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. हैदराबादच्या इंदिरा पार्कजवळचा धरणा चौक त्यांच्या सरकारने २०१७ मध्ये बंद केला. आसपासच्या रहिवाशांना त्रास होतो, हे कारण. मे महिन्यात त्या ‘रहिवाशांनी’ फलक घेऊन निदर्शने केली, आणि फोटो छापून आल्यावर त्यातले काही रहिवासी साध्या वेशातले पोलीस निघाले. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने चौक उघडायला लावला. आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला, केंद्र सरकार धान खरेदी करत नाही म्हणून, खुद्द मुख्यमंत्री आपल्या मंत्र्यांसह त्याच चौकात धरणे धरून बसले. रहिवाशांना त्या दिवशी त्रास झाल्याचे ऐकिवात नाही.

काँग्रेसवाल्यांनी इथे हसू नये. रेवंत रेड्डी यांना डिसेंबर २०१८ मध्ये, केसीआर यांच्या सभेच्या दिवशी पहाटे, कोडंगलच्या घरातून पोलिसांनी उचलले होते. न्यायालयाने त्यावरून पोलिसांना फैलावर घेतले. ७ डिसेंबर २०२३ ला तेच मुख्यमंत्री झाले आणि त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानासमोरचे, म्हणजे प्रगती भवनासमोरचे, लोखंडी कुंपण तोडण्यात आले. भवनाला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आपल्याला बरे वाटले. वर्ष उलटायच्या आत बीआरएसचे, म्हणजे नाव बदललेल्या टीआरएसचे, नेते आपापल्या घरात स्थानबद्ध होऊ लागले. कुंपण एका घराचे काढले होते, ते कोणाच्या घराला लावायचे नाही असे काही ठरले नव्हते.

बेडीची गोष्ट तर शाळेत धडा म्हणून लावावी अशी आहे. मे २०१७ मध्ये खम्मममध्ये मिरचीचा भाव पडला म्हणून चिडलेल्या शेतकऱ्यांना बेड्या घालून कोर्टात आणले गेले. राज्य टीआरएसचे, काँग्रेसने आकाशपाताळ एक केले. डिसेंबर २०२४ मध्ये लगचर्लाच्या जमीन संपादनाच्या आंदोलनात अटक झालेल्या शेतकऱ्याला तुरुंगातून रुग्णालयात आणले गेले, तेही बेडी घालून. राज्य काँग्रेसचे, मतदारसंघ मुख्यमंत्र्यांचा. आता बीआरएसचे आमदार हातात बेड्या अडकवून विधानसभेत आले. दोन्ही वेळा वरच्यांनी संताप व्यक्त केला आणि खालचे अधिकारी निलंबित झाले. बेडी सरकारी मालमत्ता असल्याने ती मात्र सत्तांतरात जशीच्या तशी हस्तांतरित झाली.

आता आपल्या बाजूला या. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच असलेल्या निर्मलजवळ, दिलावरपूर आणि गुंडमपल्लीच्या लोकांनी इथेनॉल कारखान्याविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्मल–भैंसा महामार्ग अडवला. महसूल अधिकारी तासन्‌तास गाडीत अडकल्या, दुसऱ्या दिवशी सरकारला काम थांबवावे लागले. काँग्रेसचे मंत्री म्हणाले, परवानगी बीआरएसच्या काळातली. बीआरएस म्हणाला, आम्ही गावकऱ्यांबरोबर. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण केंद्रातल्या भाजपचे, आणि निर्मलचे आमदार भाजपचेच, जे एप्रिल २०२३ पर्यंत काँग्रेसमध्ये होते. कारखान्याच्या बाजूने बोलायला एकही पक्ष उरला नाही. तरीही तो तिथे उभा होता. एवढ्या सर्वपक्षीय विरोधाला न जुमानता कारखाना आपोआप उगवला, याची वनस्पतिशास्त्रज्ञांनी दखल घ्यायला हवी. जून २०१९ मध्ये सारसाला गावात तर याहून पुढची मजल गेली होती: टीआरएस सरकारच्याच ‘हरितहारम’ योजनेची झाडे लावायला गेलेल्या महिला वनाधिकाऱ्यावर जमावाने काठ्या चालवल्या, आणि त्या जमावाचे पुढारपण टीआरएसच्याच आमदाराच्या भावाकडे होते. सत्ता आणि आंदोलन एकाच घरात असले की काठी कोणाच्या डोक्यावर पडते, ते तिथे दिसले. डोके नोकरदार बाईचे होते.

यावर पहिला आक्षेप समंजस माणसाचा असतो. विरोधी पक्षाचे कामच विरोध करणे. आणि खुर्चीवर बसल्यावर तिजोरी दिसते, जबाबदारी कळते, मत बदलते. यात खोटे काय? काही खोटे नाही. काँग्रेसने एकरी वर्षाला १५ हजार रुपये ‘रयतु भरोसा’ देऊ म्हटले, खंडाने जमीन कसणाऱ्यालाही देऊ म्हटले. जानेवारी २०२५ पासून १२ हजार सुरू केले आणि खंडकऱ्याला वगळले. पैसे नाहीत, हे उत्तर आवडो न आवडो, उत्तर आहे. त्यावर बीआरएसने खंडकऱ्यासाठी काढलेला गळा अधिक गमतीचा, कारण त्यांच्या ‘रयतु बंधू’तही खंडकरी नव्हता, आणि तेव्हा तो नसणेच कसे योग्य हे त्यांनी विस्ताराने समजावले होते. पण धोरण बदलणे वेगळे आणि आंदोलनाचा नियम बदलणे वेगळे. धरणे धरायला जागा देण्यासाठी तिजोरीतला एक रुपया लागत नाही. पहाटे कोणाला घरातून न उचलण्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी लागत नाही. तिजोरीची सबब तिथे चालत नाही.

दुसरा आक्षेप चलाख माणसाचा. ‘सगळे सारखेच, सोडा हो.’ हा माणूस स्वतःला निःपक्षपाती समजतो आणि प्रत्यक्षात जो जास्त जोरात मारतो त्याच्या उपयोगी पडतो. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीला जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. सरकारी आकडा १३ मृतांचा. गावोगावचे लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. तेव्हा मुख्यमंत्री काँग्रेसचे टी. अंजय्या होते. त्या गोळीबाराला आणि एखाद्या आमदाराच्या दोन दिवसांच्या स्थानबद्धतेला एका तागडीत घालणारा माणूस तटस्थ नाही, त्याचा तराजू मोडलेला आहे. अमेरिकेतही दुकानाची फुटलेली काच आणि मतमोजणी थांबवायला संसदेत घुसलेला जमाव यांचे वजन सारखे नाही. काच फोडणाऱ्याला शिक्षा व्हावी. पण त्या काचेआड लपून संसदेचा दरवाजा मोडणाऱ्याला सोडवू नये. दुटप्पीपणा ओळखायचा तर आधी कमी-जास्त ओळखता आले पाहिजे.

इंद्रवेल्लीच्या बाबतीत रेवंत रेड्डी यांना श्रेय देणे भाग आहे. प्रदेशाध्यक्ष असताना ९ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी तिथेच सभा घेतली आणि मुख्यमंत्री झाल्यावर २ फेब्रुवारी २०२४ ला ते पुन्हा आले, मृतांच्या स्मृतिस्तूपापुढे नतमस्तक झाले, स्मारकाची घोषणा केली. आपल्याच पक्षाच्या राजवटीत मेलेल्यांपुढे सत्तेत असताना मान झुकवायला धैर्य लागते. ते लोकसभेच्या प्रचाराच्या आरंभीच सुचले, एवढी सवलत धैर्याला द्यायला हरकत नाही. पण या स्तूपाने आणखी एक गोष्ट पाहिली आहे. अनेक वर्षे २० एप्रिल आला की इंद्रवेल्लीत जमावबंदी लागायची, पोलीस उभे राहायचे आणि मेलेल्यांना फूल वाहायलाही परवानगी लागायची. काँग्रेस गेली, तेलुगू देशम आला, परत काँग्रेस, मग टीआरएस. आदिवासींनी आपले मेलेले कसे आठवावेत या एका विषयावर पक्षांमध्ये कसलाही दुटप्पीपणा नव्हता.

आणि आपण मतदार? पैनगंगेच्या अलीकडे लंबाडा (बंजारा) समाज १९७० च्या दशकापासून अनुसूचित जमातींत आहे आणि त्यांना वगळा म्हणून आदिवासी संघटना २०१७ पासून मोर्चे काढत आहेत. नदीपलीकडे महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत आहे आणि निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे आम्हालाही जमातींत घ्या म्हणून २०२५ मध्ये त्याचे मोर्चे निघाले. कोणाची मागणी रास्त, हा कायद्याचा आणि इतिहासाचा अवघड प्रश्न आहे. तो या सदरात सुटणार नाही. पण दोन्ही काठांवर तेच पक्ष आहेत आणि ज्या काठावर ज्यांची मते, त्या काठावर त्यांची भाषा, असे चालले आहे. आदिवासी आंदोलनाचे नेते सोयम आणि लंबाडा समाजाचे नेते राठोड एकाच वेळी भाजपमध्ये होते, यात त्या पक्षाला कुठे अडचण जाणवली नाही. आपणही तसेच. आपल्या समाजाचा रास्ता रोको असला की तो हक्काचा लढा, दुसऱ्याचा असला की दवाखान्याची गाडी अडवणारी गुंडगिरी. नेत्यांनी हे आपल्याकडूनच उचलले असावे. त्यांनी फक्त त्याला लाउडस्पीकर लावला.

तेव्हा पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्याला, तो त्या दिवशी ज्या कोणत्या पक्षात असेल त्या पक्षाच्या उपरण्यासह, खुर्चीवर बसवा, चहा द्या आणि एकच विचारा: निवडून आल्यावर तुमच्याविरुद्ध धरणे धरायचे झाले, तर आम्ही कुठे बसायचे? उत्तर लेखी घ्या. तारीख घाला, आणि पक्षाच्या नावाची जागा कोरी ठेवा.