पार्टिशनकाका

पार्टिशनकाका हे बँक, विमा किंवा सरकारी खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या गृहस्थांमध्ये प्रामुख्याने आढळतात. संगणकाचे रीतसर शिक्षण नसणे ही अट नाही, पण उपकारक ठरते. स्वतःच्या फ्लॅटची बाल्कनी त्यांनी ताबा मिळाल्याच्या वर्षीच हॉलमध्ये घेतलेली असते. पडून राहिलेली जागा दिसली की त्यांना स्वस्थ बसवत नाही.

लॅपटॉपमध्ये अशी जागा हमखास सापडते. कंपनी डिस्कचा एक तुकडा राखून ठेवते. साधारण दहा ते वीस जीबींच्या या रिकव्हरी पार्टिशनमध्ये विंडोज, ड्रायव्हर आणि कोणी न मागितलेली सॉफ्टवेअर असतात. लॅपटॉप बिघडलाच तर त्यावरून तो कारखान्यातून निघाला तसा करता येतो, म्हणजे तीस दिवसांच्या अँटिव्हायरससकट. १ टीबीच्या डिस्कमध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण १२८ जीबीची एसएसडी, जी विंडोज मुळातच ११९ दाखवते, तिच्यातून आणखी पंधरा जाणे हा काकांच्या मते दिवसाढवळ्या दरोडा होय. पूर्वी काही लॅपटॉपांत हा भाग डी ड्राइव्ह म्हणून उघड दिसे आणि भरत आलेला असल्याने कायम लाल असे. त्यात लग्नाचे फोटो कोंबू पाहणाऱ्या शेजाऱ्यांवरच काकांची प्रॅक्टिस उभी राहिली.

निदान चहा येईपर्यंत उरकते. डिस्क मॅनेजमेंट उघडून काका रिकव्हरीच्या चौकोनावर राइट क्लिक करतात. मेन्यूत एकटे ‘हेल्प’ उगवते. “बघा वहिनी, लॅपटॉप तुमचा, आणि हात लावायची सोय नाही!” वहिनींनी त्यांना प्रिंटर चालत नाही म्हणून बोलावलेले असते.

काका बेजबाबदार मात्र नसतात. आधी बॅकअप, हा त्यांचा दंडक. डीव्हीडीच्या जमान्यात ४.७ जीबीच्या तीन-चार चकत्या जाळाव्या लागत, आणि काही कंपन्या असा संच एकदाच करू देत. तिसरी चकती शेवटाला आली की घरात मोठ्याने बोलायची मुभा नसे. पुढे पेन ड्राइव्ह आला. विंडोजमधले ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ हे साधन १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सगळे उतरवून देते, त्याआधी त्यावरचे होते-नव्हते ते पुसून. विंडोज ८ मध्ये तर काम संपल्यावर ‘आता रिकव्हरी पार्टिशन काढून टाकू का?’ अशी विचारणाही होई. काकांना असे अदबीने पुन्हा कोणी विचारले नाही. ‘तेव्हा तिथे सज्जन माणसं होती,’ हे त्यांचे त्या आवृत्तीविषयीचे मत आजही कायम आहे.

यानंतर मुख्य विधी. काळी खिडकी उघडते, डिस्कपार्ट सुरू होते. डिस्क निवडायची, पार्टिशनांची यादी मागवायची, क्रमांक द्यायचा. नुसते ‘डिलीट’ म्हटले की पार्टिशन संरक्षित असल्याचे उत्तर येते. या नकाराची काका वाटच पाहत असतात. मग ते ‘ओव्हरराइड’ हा शब्द जोडतात, आणि एंटर दाबण्याआधी चष्मा कपाळावर सरकवून जमलेल्यांकडे पाहतात. हे पाहणे तांत्रिकदृष्ट्या अनावश्यक आहे.

याच जातीतले कच्चे नग इथे घसरतात. यादीत बहुधा आणखी एक रिकव्हरी असते, काहीशे एमबींची. ती विंडोजची स्वतःची दुरुस्तीची खोली. ती कुठे आहे हे ‘रीएजंटसी’ला ‘इन्फो’ विचारले की कळते, पण विचारणे कच्च्या नगाच्या स्वभावात नसते. तीही उडते, आणि सहा महिन्यांनी ‘रीसेट’ दाबल्यावर रिकव्हरीचे वातावरण सापडत नसल्याचा निरोप येतो. त्याचे खापर व्हायरसवर फुटते.

मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला जोडायची, हा सगळ्या खटाटोपाचा उद्देश. पण ‘एक्स्टेंड’ चालायला ती सीला उजवीकडून लगटून असावी लागते. प्रत्यक्षात मध्ये ती छोटी रिकव्हरी बसलेली असते. काका मग त्या चौदा-पंधरा जीबींचा नवा ड्राइव्ह करतात, त्याला ‘बॅकअप’ नाव देतात आणि पेन ड्राइव्हवरचा मजकूर, असू द्या म्हणून, त्यात उतरवून ठेवतात.

जानेवारी २०२४ मध्ये या जातीवर कठीण प्रसंग आला. विंडोज १० चे एक अपडेट असंख्य लॅपटॉपांवर फसू लागले, कारण छोट्या रिकव्हरीत २५० एमबी मोकळे हवे होते. मायक्रोसॉफ्टचा उपाय असा: सी ड्राइव्ह २५० एमबींनी कापा आणि ती जागा रिकव्हरीला द्या. काकांनी हे काम करून दिले, पण कोणाच्याही घरी त्या महिन्यात चहा घेतला नाही.

शेवटी लॅपटॉप विकायला निघतो, आणि गिऱ्हाईक ‘फॅक्टरी रीसेट’ मागते. पेन ड्राइव्ह सापडतो, पण त्यावर गणपतीच्या आरत्या असतात. सुदैवाने विंडोज ८ पासून विंडोजची किल्ली लॅपटॉपच्या बायॉसमध्येच असते. मायक्रोसॉफ्टकडून विंडोज फुकट उतरवून, उरलासुरला डाटा पुसून काका ते नव्याने टाकतात. इन्स्टॉल होता होता विंडोज आपली छोटी रिकव्हरी पुन्हा करून घेते. गिऱ्हाईक पैसे मोजत असते. काका डिस्क मॅनेजमेंट उघडून त्याला ती दाखवतात आणि विचारतात, “काढून देऊ?”