लाटा नसलेल्या जिल्ह्यात

पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. सांता क्रूझच्या किनाऱ्यावर एका छोट्या दीपगृहात सर्फिंगचं संग्रहालय आहे, १९८६ साली सुरू झालेलं. ते पाहून आल्यावर त्याचा फोन आला. १८८५ मध्ये हवाईचे तीन राजपुत्र तिथल्या लाटांवर रेडवूडच्या फळ्या घेऊन उभे राहिले, याचा त्या गावाला अजून अभिमान. "पण काका, आत नुसत्या फळ्याच आहेत. लाट सगळी खिडकीबाहेर!"

मी काय बोलणार? आम्ही वाशीमची माणसं. आम्हाला लाटा दोनच ठाऊक, एक उन्हाची आणि दुसरी निवडणुकीची. दोन्हींवर उभं राहता येत नाही. सावली धरून बसावं लागतं.

पण त्याची तक्रार मला ओळखीची वाटली, ती पोहरादेवीमुळे. आमच्याच जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. इथे जगदंबेचं मंदिर आहे, संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि आता नंगारा या वाद्याच्या आकाराचं चार मजली संग्रहालयही आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दालनं तेरा. ज्यांच्या पूर्वजांनी घराला कधी पायाच खणला नाही, त्यांच्या आठवणींना एवढं भक्कम घर मिळालं, याची मला गंमतही वाटते आणि बरंही वाटतं.

अडचण सांता क्रूझचीच. पेहराव मांडता येतो, दागिने मांडता येतात. चालणं कुठे मांडणार? सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्तानातल्या वाटांनी फिरला. बंजाऱ्यांचे दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. कुणाच्या पाठीवर धान्य, कुणाच्या पाठीवर मीठ. म्हणजे आमच्याकडे समुद्र अगदीच आला नाही असं नाही. तो गोणीत भरून, बैलाच्या पाठीवरून आला आणि वरणात विरघळला. पुढे आगगाडी आली, बैलांचं काम गेलं. १८७१ च्या कायद्यानं तर फिरस्त्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. ज्यांनी देशाला मीठ पोचवलं, त्यांच्यावरच पुढे पहारा बसला. हसत हसत दालनं पाहणाऱ्यानं इथे जरा थांबावं.

बाकी खरी गंमत प्रेक्षकांत. रामनवमीच्या यात्रेला फेटिया-कांचळी घातलेली एखादी आजी तसाच पेहराव केलेल्या पुतळ्यासमोर उभी राहते आणि आपल्या अंगावरच्या टाक्यांशी त्याचे टाके ताडून पाहते. तिच्या चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव असतो. नातवंडांना ती गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, काय काय चुकलंय ते सांगत असावी. असा परीक्षक फार थोड्या संग्रहालयांच्या नशिबी येतो.

माझी एक सूचना आहे. ताव्हर्निए म्हणतो, अरुंद वाटेवर तांडा पुढे जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबावं लागे. तेव्हा चौदावं दालन खोळंब्याचं करावं. दार बंद, अंधार, समोरून हजारो बैलांच्या घुंगरांचा आवाज. तो संपल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडू नये. बघणाऱ्यांना तांडा किती मोठा होता ते एकदाचं कळेल. अर्थात आपल्या लोकांचा भरवसा नाही. रेल्वे फाटकावर गाडी दिसायच्या आधीच हॉर्न वाजवणारे आपण, तिथे तिसऱ्याच मिनिटाला कुणीतरी चौकीदाराला विचारेल, "भाऊ, साइडनं निघता येते का?"