सही करा, पूर येतोय

आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात लोकसहभाग हवा, असा वरून आदेश आला आणि पंचगंगाकाठच्या एका गावानं तो एका दुपारीत उरकला. म्हणजे हजेरीचं रजिस्टर उघडलं. बैठक मे महिन्यातल्या उन्हात, तीही बाजाराच्या दिवशी ठेवल्यामुळं गर्दीची आपत्ती आपोआप टळली. महिलांचा सहभागही उत्तम होता. चहा त्यांनीच केला.

साहेबांनी पडद्यावर आराखडा दाखवला. एका पानावर त्सुनामीचा इशारा मिळताच मच्छीमारांनी काय करावं, ते सविस्तर होतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. कुणाची तरी नक्कल करताना समुद्र पुसायचा राहून गेला, एवढंच.

मग मागनं एक म्हातारबा उठले. "साहेब, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की तुमी इशारा देता, ४३ ला धोका म्हणता. आमच्यात पाणी त्याच्या आदीच वढ्यातनं उलटं फिरतंय. पयलं मसणवट्यात, मग तालमीम्होरं, मग शाळंत. आन् तुमचं निवारा केंद्र त्या शाळंतच हाय न्हवं?"

"छान सूचना. लेखी द्या," साहेब म्हणाले. म्हातारबांना लिहिता येत नव्हतं. सूचना निकाली निघाली.

एका मावशींनी म्हशींचं विचारलं. २०१९ च्या महापुरात कित्येकांनी घर सोडलं नाही ते जनावरांपायी. दावणीला म्हैस ठेवून माणूस बोटीत बसत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आराखड्यात मात्र माणशी बिस्किटाचे पुडे आहेत, म्हशीला रकाना नाही. मावशींना 'जनावरांच्या विभागाकडं' जायला सांगितलं. तो विभाग बैठकीला आलेला नव्हता.

२००५, २०१९, २०२१. तीन महापूर याच लोकांनी अंगावर घेतले. कुठल्या गल्लीत आधी पाणी येतं, कुठली म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे, पहिला रस्ता कुठला बुडतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ते विचारायचं सोडून त्यांना 'जनजागृती'चं पत्रक वाटतात. ज्याच्या घरात छातीभर पाणी होतं, त्याला आणखी किती जागं करणार?

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातनं गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं बुडून मेली. आता या गावाकडंही बोट आहे. ती ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात असते. किल्ली ग्रामसेवकांकडं, आणि ग्रामसेवक राहतात नदीपल्याड.

बैठकीचा फोटो झकास आला. अहवालात 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी नोंद आहे, आणि खाली म्हातारबांचा अंगठा.

तुमच्या गावात असं रजिस्टर फिरत आलं, तर सही करण्याआधी किल्ली कुणाकडं आहे तेवढं विचारून घ्या. शक्यतो लेखी विचारा.