रंकाळ्यावरची समुद्रसेवा
जहाजाच्या यंत्रकक्षातील प्रत्येक काम, उदाहरणार्थ इंधनातले पाणी व गाळ वेगळा करणारे प्युरिफायर उघडून धुणे, उमेदवाराने स्वहस्ते केल्याची नोंद वरिष्ठांच्या सहीने जिच्यात होते, त्या प्रशिक्षण-नोंदवहीला १९७८ च्या आणि १९९५ साली सुधारलेल्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारामुळे मोठे मोल आले आहे. मरीन इंजिनिअरिंगच्या पदवीधराला क्लास फोर या पहिल्या सक्षमता-परीक्षेपूर्वी ६ महिन्यांची समुद्रसेवा लागते आणि जहाज मात्र सहजी मिळत नाही, तेव्हा शिवाजी पेठेतील उमेदवारांसाठी शेजारच्या रंकाळा तलावालाच समुद्र घोषित करणे शास्त्रोक्त ठरेल. भरती-ओहोटी नसल्याने गुणांत चढउतार होणार नाही आणि परीक्षकालाही काठावर भेळ खाताखाता सही करता येईल. पायाने पॅडल मारायच्या होडीला इंजिन नसते, ही शंका क्षुल्लक होय, कारण प्युरिफायर धुतल्याची सही वहीत आधीच झालेली असते.