सूटार्थी

तुळशीचे लग्न लागले की मुंबईत एका ठराविक प्रकारच्या पाहुण्याची आवक सुरू होते आणि ती मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालू राहते. हा पाहुणा पुरुष असतो, पंचविशी ओलांडलेला असतो, तालुक्याच्या गावचा असतो, आणि त्याचे स्वतःचे किंवा, अगदीच काही नाही तर, जिवलग मित्राचे लग्न ठरलेले असते. प्रस्तुत लेखात त्याला सूटार्थी म्हटले आहे, कारण मोक्षार्थ्याला मोक्ष जितक्या तळमळीने हवा असतो त्याहून किंचित अधिक तळमळीने त्याला सूट हवा असतो आणि किमतीत सूटही हवी असते. मुंबई पाहणे हा त्याचा हेतू नसतो. गेट वे आणि राणीची बाग त्याने शाळेच्या सहलीत उरकलेली असतात. त्याला दिवसा पुरुषांच्या कपड्यांची दुकाने पाहायची असतात आणि रात्री ‘नाइटलाइफ’ पाहायचे असते, म्हणजे जेवणानंतर घरी न जाता पैसे खर्च करता यावेत यासाठी शहराने केलेली सोय पाहायची असते. हे दोन वेगळे उद्देश आहेत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि डोंबिवलीचा मामेभाऊ, ज्याच्याकडे तो उतरतो, ती दूर करीत नाही.

सूटार्थ्याच्या गावात कापडाचे दुकान नसते असे मुळीच नाही. तेथील बाजारपेठेत वातानुकूलित दालने असतात, त्यांत रेमंडचे कापड मिळते, आणि तेच कापड मुंबईतही मिळत असल्यामुळे दोहोंतील फरक जाणकारालाही सांगता येणार नाही. शिवाय घरातल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात सूटपीस, म्हणजे एक सूट शिवण्यापुरते कापड घडी घालून भरलेली खोकी, दोन-चार तरी असतातच. पण सूटपीस ही मराठी मानपानातील एक स्वतंत्र संस्था आहे: तो आहेरात येतो, न उघडता ठेवला जातो आणि वेळ आली की दुसऱ्याच्या आहेरात जातो, त्यामुळे कापड नवेच राहते आणि झिजतात ते खोक्याचे कोपरे. त्याला कात्री लावणे हे चालू नोट फाडण्यासारखे समजले जाते. अशा रीतीने घरात चार सूटांचे कापड असूनही अंगावर घालायला एकही सूट नाही अशी स्थिती निर्माण होते, आणि ‘मुंबईहून आणला’ एवढे म्हणता येण्याची सोय गावातल्या दालनात मीटरच्या कोणत्याही भावाने मिळत नसल्यामुळे गाडी पकडणे भाग पडते.

पहिला मुक्काम बहुधा मंगळदास मार्केटचा असतो. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे १८६९ मध्ये उभी राहिलेली आणि आता महात्मा जोतिबा फुले यांचे नाव असलेली मंडई, तिच्याजवळ हा छताखालचा कापडबाजार आहे. त्यात गल्ल्या इतक्या आहेत की नवखा माणूस ज्या गल्लीतून शिरला तिच्यातूनच बाहेर पडला असे सहसा घडत नाही. कापड येथे ताक्यातून, म्हणजे गुंडाळी केलेल्या अखंड लांबीतून, मोजून फाडून देतात. विक्रेता ताका गादीवर अशा हिशेबाने भिरकावतो की तो उलगडत उलगडत गिऱ्हाइकाच्या गुडघ्याशी येऊन थांबावा, आणि “शेठ, देखने का पैसा नहीं लगता” असे म्हणतो. जन्मात पहिल्यांदाच शेठ म्हणवून घेतलेला सूटार्थी तेथेच निम्मा हरतो. कापड पारखण्याची त्याची पद्धत वडिलांकडून आलेली असते: टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायचे, चोळायचे, नजर छताला लावायची आणि थोड्या वेळाने “हं” म्हणायचे. या हुंकाराचा अर्थ त्याला ठाऊक नसतो, विक्रेत्याला मात्र नेमका ठाऊक असतो, आणि तो लगेच चहा सांगतो. चहा येईपर्यंत पाच ताके उलगडून पडलेले असतात. दुसऱ्याचा एवढा माल विस्कटून, वर त्याचा चहा पिऊन, रिकाम्या हाताने उठणे मराठी माणसाच्या संस्कारात बसत नाही, आणि या एका भांडवलावर त्या बाजाराचा बराच धंदा चालत असावा.

याच गादीवर त्याच्या कानी ‘सुपर १२०’ हा शब्द पडतो. हा आकडा लोकरीच्या तलमपणाचा आहे: जुन्या ब्रिटिश पद्धतीनुसार एका पौंड लोकरीच्या सुतापासून ५६० यार्डांच्या जितक्या लडी भरत तितका त्या लोकरीचा आकडा धरीत, म्हणून आकडा मोठा तितका तंतू बारीक. सूटार्थ्याला यातून एवढेच उमगते की १०० पेक्षा १२० जास्त, आणि दहावीच्या गुणपत्रिकेपासून मोठा आकडा चांगलाच असतो अशी त्याची धारणा असल्याने तो १२० घेतो. हा लोकरी सूट मे महिन्यात, परभणीत, पत्र्याच्या मंगल कार्यालयात, दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर घालायचा आहे ही बाब संभाषणात निघत नाही. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, किती आहे हेही तो विचारीत नाही. ३६ इंच पन्ह्याचे कापड आणि ५८ इंच पन्ह्याचे कापड यांत शर्टामागे लागणारे मीटर बदलतात, आणि हा प्रश्न घरातल्या कोणत्याही बाईने सर्वांत आधी विचारला असता, परंतु पुरुषांच्या कपड्यांतले बायकांना काय कळते या तत्त्वावर त्यांना गावीच ठेवलेले असते.

मापे घेण्याचा विधी त्याहून गंभीर असतो. कारागीर टेप लावतो आणि आकडे मोठ्याने सांगतो, समोरचा मुलगा ते वहीत उतरवतो. त्यात तीरा म्हणजे खांद्यांची रुंदी, मुंढा म्हणजे बाही जेथे खांद्याला मिळते तो घेर, आणि मोहरी म्हणजे पँटीच्या पायाची खालची रुंदी, असे शब्द येतात आणि सूटार्थी प्रत्येकाला मान डोलावतो. टेप पोटाशी आली की तो श्वास आत ओढून धरतो. हे कारागिराने हजारदा पाहिलेले असते, तो टेप तशीच सैल धरून ठेवतो आणि “तुमच्याकडे पाऊस कसा झाला यंदा?” असे विचारतो. उत्तर देण्यासाठी सूटार्थ्याला श्वास सोडावा लागतो, आणि त्या क्षणाचे माप वहीत जाते. सूट शिवून मिळण्यास पंधरा दिवस लागतील हे त्यानंतर कळते, आणि नाइटलाइफ तर दुसऱ्याच दिवशी ठरलेले असते.

म्हणून तात्पुरती गरज भागवण्यासाठी ब्लेझर घ्यावा लागतो. ब्लेझर म्हणजे ज्याचे कापड पँटीशी जुळलेच पाहिजे अशी सक्ती नसलेला कोट. तो शोधण्यासाठी सूटार्थी आधी मॉलमध्ये जातो, जेथे त्याला शेठऐवजी ‘सर’ म्हणतात आणि किमतीची चिठ्ठी बाहीच्या आत असल्यामुळे ती वाचण्यापूर्वी कोटाशी हस्तांदोलन करावे लागते. आकडा वाचल्यावर तो “कलर जरा डार्क आहे” असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो आणि बाहेर पडतो. नंतर तो महात्मा गांधी मार्गावरील फॅशन स्ट्रीट गाठतो. तेथे एक्स्पोर्टचा, म्हणजे परदेशच्या मागणीसाठी शिवून जास्तीचा ठरलेला किंवा किरकोळ खोटीपायी मागे राहिलेला, माल मिळतो अशी ख्याती आहे आणि तिच्या आश्रयाने इतर पुष्कळ मालही मिळतो. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने सुरुवात करायची, ही शिकवण मामेभावाने दिलेली असते. ती विक्रेत्यांपर्यंत केव्हाच पोचलेली असल्याने ते मुळात दुप्पट सांगतात, आणि दोन्ही पक्ष आपापल्या विजयावर खूश होऊन निरोप घेतात.

सूटार्थी ओळखण्याची खात्रीची खूण या ब्लेझरवर सापडते. नव्या कोटाची घडी मोडू नये म्हणून पाठीमागची चीर आणि खिसे कच्च्या टाक्यांनी शिवून बंद केलेले असतात, आणि डाव्या बाहीच्या टोकाला कंपनीची पट्टी टाचलेली असते. अंगात घालण्यापूर्वी हे टाके आणि पट्टी दोन्ही उसवायची असतात. सूटार्थी यांपैकी काहीच उसवत नाही. खिसा शिवलेला आहे हे त्याच्या लक्षात येते तेव्हा तो त्याला कोटाचा दर्जा समजतो, पाठीवरची दोऱ्याची फुली त्याला दिसत नाही, आणि पट्टी तर तो बुद्ध्याच ठेवतो, कारण तीवरचे इंग्रजी नाव झाकायला त्याने पैसे दिलेले नसतात. फोटोत हा हात नेहमी पुढे असतो.

रात्रीच्या मुंबईविषयी थोडे कायद्याचे ज्ञान आवश्यक आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. शहरभर दिसणाऱ्या ‘परमिट रूम’ या पाट्यांचा उगम त्यात आहे. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची, त्याहून कडक पेयांसाठी २५ ची. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मॉल, गिरण्यांची संकुले अशा निवासी वस्तीबाहेरच्या जागांत खाण्याची व खरेदीची ठिकाणे रात्रभर उघडी ठेवण्यास मुभा दिली, मात्र मद्यविक्रीची वेळ रात्री दीडपर्यंतच ठेवली. त्यानंतर दोन महिन्यांत साऱ्या जगालाच संध्याकाळपासून घरी बसावे लागले. सूटार्थ्याने कायद्याच्या धास्तीने आधार कार्ड आणि पॅन कार्ड दोन्ही बरोबर घेतलेली असतात. परंतु लोअर परळच्या पबच्या दारावर परवान्याची चौकशी कोणी करीत नाही. तेथे बुटांची चौकशी होते.

हे दार ज्या भिंतीत आहे तिचा इतिहास कपड्यांच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या पहिल्या कापडगिरणीनंतर मुंबईत गिरण्यांचे जे जाळे पसरले त्यात लोअर परळच्या फिनिक्स, कमला, मथुरादास, तोडी या गिरण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीला वेगळ्या वापराची वाट करून दिल्यावर तेथे मॉल, कार्यालये आणि पब आले. गिरण्या चालू होत्या तेव्हाही हा भाग रात्री जागाच असे. त्याला नाइटलाइफ न म्हणता रातपाळी म्हणत, आणि पाळी सुटल्यावर करमणूक म्हणून हनुमान थिएटरात तमाशा होता. त्या काळी फाटकापाशी रोज बदली कामगार उभे राहत. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घेतला जाणारा. आत कोणाला घ्यायचे हे ठरवण्यात जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, शब्द चाले, आणि तो कामाआधी माणूस पाहून घेई. सातारा-कोल्हापूरकडचे आणि कोकणातले कित्येक आजोबा या फाटकांपाशी असे उभे राहिलेले आहेत. त्यांचा नातू आता फॅशन स्ट्रीटचा ब्लेझर घालून त्याच रांगेत उभा असतो, फरक इतकाच की आजोबांना आत जाण्याचे पैसे मिळत आणि नातवाला द्यावे लागतात.

जॉबरच्या जागी बाउन्सर आलेला आहे. दारावरचा हा धिप्पाड, काळ्या शर्टातला इसम माणूस खालून वर वाचतो: चप्पल किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी दिसली तर वाचन तेथेच संपते. सूटार्थी या परीक्षेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होतो. बूट चकचकीत, पँट इस्त्रीची, कोट तर पट्टीसकट. यासाठीच मंगळदास, मॉल आणि फॅशन स्ट्रीट पालथे घातले होते हे त्याला आता कोठे समजू लागते, तोच दुसरी अट पुढे येते. तो स्टॅग असतो. स्टॅग म्हणजे सोबत स्त्री नसलेला पुरुष, आणि अशा पुरुषाला पुष्कळ ठिकाणी प्रवेश नसतो किंवा मोठा कव्हर चार्ज असतो, म्हणजे आत खाण्यापिण्यात वळती करून घेण्याच्या बोलीवर दारातच भरायची रक्कम. मामेभाऊ सोबत असतो खरा, पण त्याने परिस्थिती सुधारत नाही, दुप्पट होते. “भाऊ, कपल असेल तर बोल,” असे बाउन्सर शांतपणे सांगतो. तो अनेकदा मराठीच असतो, आणि या ‘भाऊ’मुळे सूटार्थ्याला क्षणभर आशा वाटते. “आमचं लग्न ठरलंय,” तो म्हणतो. हा मुद्दा नियमावलीत नसतो.

पुढचे फार सांगण्यासारखे नाही. स्टेशनाजवळच्या एका परमिट रूमच्या एसी विभागात दोघे भाऊ बसतात. वेटर चकली आणि उकडलेले शेंगदाणे न मागता आणून ठेवतो, कोणीही कोटाकडे पाहत नाही, आणि गार वाऱ्याचा झोत बरोबर डोक्यावर असल्यामुळे ब्लेझर दिवसात प्रथमच उपयोगी पडतो. रात्रीची शेवटची लोकल चुकू नये याकडे मामेभावाचे लक्ष असते, कारण त्याला सकाळी कामावर जायचे असते.

गावी परतल्यावर सूटार्थी ब्लेझरच्या दोन किमती सांगतो. वडिलांना सांगितलेली किंमत खऱ्या किमतीच्या खाली असते आणि मित्रांना सांगितलेली तिच्या बरीच वर, आणि दोन्ही गट एकत्र बसलेले असल्यास तो विषय बदलतो. लोअर परळच्या पबविषयी मात्र त्याला विषय बदलावा लागत नाही. फाटक, रांग, दिवे, आत जाणाऱ्या लोकांचे कपडे आणि बाहेर येणाऱ्या लोकांची चाल यांचे त्याने केलेले वर्णन तपशिलात अचूक असते. पुढच्या मोसमात मुंबईला निघालेला एखादा धाकटा मित्र त्याला आवर्जून विचारतो की ते सगळे ठीक, पण आत कसे असते. “एसी फार असतो,” तो बाहीवरची पट्टी सारखी करीत सांगतो, “कोट घेऊनच जा.”